डावीकडची जागा

१२ मे
मोजी

शिन्पेइ,

पत्राची सुरुवात हवापाण्यानं करायची रीत आहे म्हणून लिहिते. हवा आहे. पाणीही आहे, खिडकीखाली सगळी सामुद्रधुनी भरलीय. झालं? आता ऐक.

तुझा तो मारामारीचा खेळ मी घरी आणलाय.

हो, मीच. "डोळे फुटतील, डोळे फुटतील" म्हणून जन्मभर तुझ्यामागे ओरडत फिरले ती मीच. हसायचं असेल तर हास, मला कुठे ऐकू येतंय. आपल्या वरच्या खोल्यांत नागिसा राहायला आलीय, दातांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं पुकारते. लग्नाआधी ती कोकुराच्या गेम सेंटरमध्ये भल्याभल्या पोरांना रडवायची म्हणे. यंत्र तिचंच जुनं. टीव्हीला जोडून दिलं आणि वर मलाच ऐकवते, "काकू, वेड लागलं तर माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत हं."

तर खेळ लावला की आधी तो विचारतो, हात कसे चालवणार? पडद्यावर दोन चौकोन येतात. एक सोपी पद्धत: एक बटण दाबलं की आपला पैलवान आपणहून डाव टाकतो. दुसरी जुनी पद्धत: तुझी. दांडी खाली न्यायची, तिरकी करायची, पुढे ढकलायची, आणि नेमकं तेव्हाच बटण मारायचं. जरा चुकलं की पैलवान नुसता हवेत हात हलवत उभा. मी जवळजवळ तासभर त्या दोन चौकोनांसमोर बसून होते. नागिसानं तोवर माझा सगळा जवाचा चहा संपवला. "काकू, अहो लग्न ठरवताय का? सोपी घ्या नि चला पुढे." घेतली सोपी. या वयात हाडं कशाला वाकवायची?

दांडी आणि बटणं बसवलेली ही पेटी कुठून आली ते विचारू नकोस. घरात होती. तुझी नव्हे. तुझी कुठे गेली ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

पत्ता आणि तुझं खेळातलं नाव तुझ्या त्या मित्राकडून, हिदेताकाकडून मिळालं. त्याला बोल लावू नकोस, मीच त्याचं डोकं खाल्लं. तू लिफ्ट दुरुस्त करतोस आणि रविवारी सकाळी खेळात स्वतःची खोली उघडून बसतोस, कुणीही यावं आणि लढावं, इतकं त्यानं सांगितलं. आणि नाव सांगितलं. तोमोए. बाबांच्या टगबोटीचं. मी ते कॅलेंडरच्या कडेला लिहून घेत बसले, तो बिचारा तिकडून "काकू? काकू?" करत राहिला.

मी माफीबिफी मागायला हे लिहीत नाहीये. तशी समजूत करून घेऊ नकोस. माझं खेळातलं नावही सांगणार नाही.

आई


९ जून
मोजी

शिन्पेइ,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलंय. वाचतोस की तसंच खणात टाकतोस, देव जाणे.

आज मी तुझ्या खोलीत आले होते.

सकाळी लवकर उठून केस विंचरले. का विंचरले, विचारू नकोस, तिथे काही दिसत नाही हे मलाही कळतं. नागिसाला खाली बोलावलं होतं, ती दात घासतच आली. पडद्यावर तुझं नाव होतं, तोमोए. त्यापुढे जुन्या पद्धतीची खूण. माझ्या नावापुढे सोप्या पद्धतीची. आणि दारावर तू पाटी लावलेली: "सोप्या पद्धतीवाल्यांना नमस्कार, पण लांबूनच."

मी म्हटलं, ही दुसऱ्यांसाठी असेल.

आत पाऊल टाकलं न टाकलं तोच बाहेर. दार बंद. अरे, दारावरच्या विक्रेत्यालासुद्धा माणूस "आज नको" एवढं तरी म्हणतो! नागिसा तोंडातला फेस सांभाळत म्हणाली, "जुनी खोडं अशीच असतात काकू. त्यांना वाटतं, आम्ही बोटं झिजवून शिकलो आणि ह्यांना सगळं आयतं."

बापावर गेलायस. अगदी बापावर. नव्या बोटींना बटणांवर चालणारी सुकाणू आली तेव्हा ते असंच म्हणायचे, "ही काय बोट? हा तर पाण्यातला पंखा." त्यांना मी हसायचे. तुझं मात्र लागलं मला. त्यांच्या अंत्यविधीला आलास तेव्हा तू चपलांपाशी बसलास, उदबत्ती लावलीस आणि जेवणाआधी निघून गेलास. माझ्याशी एक शब्द नाही. आज निदान दार तरी माझ्या तोंडावर लावलंस. म्हणजे मी आलेय हे तुला दिसलं.

इथे हायड्रेंजियाच्या झुडपाला कळ्या आल्यात. बघ, हवापाणीही लिहिलं.

आई


७ जुलै
मोजी

शिन्पेइ,

कुठे मेलं तोंड लपवू, असं झालंय मला.

आज तुझ्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. कंटाळला असशील. मी दार ठोठावलं आणि तू घेतलंस आत. पैलवान म्हणून मी तो जाळंवाला म्हातारा घेते, पाठीत वाकलेला, कमरेला मासळीची टोपली. तू तो उंच, लाल पट्ट्याचा. पहिल्या फेरीत तू मला असं धुतलंस की मला काही दिसलंच नाही. दुसऱ्या फेरीत मात्र तू मध्येच थांबलास. पाणी प्यायला उठलास का? मी घाबरून बटण दाबलं, म्हाताऱ्यानं जाळं टाकलं, पुन्हा टाकलं, पुन्हा टाकलं, आणि तू आडवा!

आता पुढचं. मी जिंकले, तू खाली पडलेला. मला वाटलं, पोराला पाडलं, निदान रीत तरी पाळावी. कुस्तीनंतर वाकून नमस्कार करत नाहीत का? दांडी खाली ओढली की म्हातारा वाकतो. मी वाकले. एकदा केलं तर उद्धटपणा वाटेल म्हणून पुन्हा वाकले. मग आणखी. मनातल्या मनात "धन्यवाद हं, धन्यवाद" म्हणत मी चांगली सातआठ वेळा वाकले.

आणि पडद्याखाली तुझी अक्षरं उमटली: "थेरड्या, एवढा माज कसला?"

तिसऱ्या फेरीत तू माझं काय केलंस ते लिहीत नाही. मग तू खोलीच बंद करून टाकलीस.

नागिसाला विचारलं, "अगं, मी नमस्कार केला तर हा चिडला का?" ती जी हसायला लागली ती ताटामीच्या चटईवर लोळायलाच लागली. "काकू! पडलेल्या माणसासमोर उठाबशा म्हणजे चिडवणं हो! ह्याहून मोठा अपमान नाही आमच्यात! तुम्ही त्याच्या मढ्यावर नाच केलात!" रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. नमस्कार करायचाच तर लढत सुरू व्हायच्या आधी, आणि तोही एकदाच, असं तिनं सांगितलं. हे कुठे लिहिलेलं असतं का? माणसाला कळणार कसं?

हसून झाल्यावर ती उठून बसली. म्हणाली, "काकू, रडू नका, खेळात असं होतं."

मी रडत नव्हते रे. पुसटसं काहीतरी झालं असेल डोळ्यांना. मी ती ओळ वाचत होते. थेरड्या, एवढा माज कसला. इतक्या वर्षांनी तू मला बोललेले शब्द. माझ्यासाठी नव्हते, पण माझ्यापाशी आले. थोड्या वेळानं ते आपोआप पुसले गेले. ते राहतील असं मला वाटलं होतं.

आई


१६ ऑगस्ट
मोजी

शिन्पेइ,

ओबोनचे, पितरांना निरोप द्यायचे दिवे काल सोडले. बाबा आले आणि गेले. तू आला नाहीस. असो.

मी पद्धत बदलली. जुनी घेतली.

नागिसा म्हणाली, "काकू, डोकं ठिकाणावर आहे ना? अंगठा धरून बसता तुम्ही सकाळी." धरते, बसते, पण तुझ्या दारात मी आता पाहुण्यासारखी लांबून नमस्कार करणार नाही. तुला बोटं झिजवलेलीच माणसं लागतात ना? मग हे घे, झिजवते.

पहिले कितीतरी दिवस नुसता वैताग. खाली, तिरकं, पुढे, बटण. म्हातारा उडी मारायचा, लाथ घालायचा, काहीही करायचा, जाळं सोडून. नागिसा म्हणे, "गोल फिरवा, हलक्या हातानं." हलक्या हातानं! घासलेली भांडी आहेत का? मग एक दिवस मी दांडी सोडून दिली आणि पाठ टेकून डोळे मिटून बसले. आणि पाठीला आठवलं.

तू पहिलीत असशील. मी तुला सायकलवर मागे बसवून चढ चढायचे, आणि तू माझ्या पाठीवर बोटानं काहीतरी काढायचास. खाली, तिरकं, पुढे, आणि मग बोट खुपसायचास. "आई, जाळं!" खाली, तिरकं, पुढे, टुच्. "आई, जाळं!" पूर्ण चढभर. मी म्हणायचे, "शिन्पेइ, गुदगुल्या होतात, दोघंही पडू!" मला वाटायचं अक्षरं गिरवतोयस. तेव्हाही हाच म्हातारा होता त्या खेळात, आणि तोच तुझा लाडका होता, हे मी साफ विसरले होते.

मी दांडी हातात घेतली आणि तुझं बोट पाठीवर जसं फिरायचं तशी फिरवली. जाळं पडलं.

पण एक गंमत आहे. डावीकडे उभी असले तरच जमतं. समोरचा उडी मारून माझ्या पलीकडे गेला की सगळं उलटं करावं लागतं, आणि उलटं तू माझ्या पाठीवर कधी काढलंच नाहीस. मग मी जीव खाऊन पळते आणि पुन्हा डावी बाजू गाठते. नागिसा म्हणते असा खेळाडू तिनं बघितला नाही. मी बघितलाय. कोकुरातल्या त्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवर यंत्रं होती, तिथे तू मला ढकलून उजव्या खुर्चीवर बसवायचास. "आई, डावी बाजू माझी! मला उजवीकडून जमत नाही!" मी उजवीकडे बसायचे आणि मरायचे. दर वेळी.

आता सांगूनच टाकते. ही दांडीची पेटी तुझ्या बाबांनी आणली होती. टगबोटीवरची नोकरी तीन दिवसांत सोडून तू ह्या खेळाच्या स्पर्धेला निघालास, त्यांनी तुझी पेटी धक्क्यावरून समुद्रात फेकली आणि तू घर सोडलंस, त्यानंतर आठवड्याभरातच. मी तेव्हा धक्क्यावर जेवणाचा डबा घेऊन उभी होते, तो छपाक् आवाज अजून कानात आहे. त्यांनी दुकानात जाऊन तश्शीच पेटी मागितली. रंग वेगळा मिळाला म्हणून घरी येऊन चरफडले. मग कपाटात वर ठेवून दिली. मी म्हटलं, पाठवते. तर म्हणाले, "त्याला हवी तर येईल तो." तू आला नाहीस आणि त्यांनी उतरवली नाही. दोघेही एकाच मुशीतले. मला मध्ये काय वाटत असेल ह्याचा विचार एकानं तरी केलात का?

खोक्याचा दोरासुद्धा सुटला नव्हता. मी कात्रीनं कापला.

आई


६ ऑक्टोबर
मोजी

शिन्पेइ,

तीन रविवार मी बसतेय आणि तुझी खोली उघडत नाही. आजारी आहेस का? कामावरून काढलं का? हिदेताकाही फोन उचलत नाही. लिफ्ट दुरुस्त करताना माणसं पडतात असं नागिसाचा नवरा सहज बोलून गेला, त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. त्याला तिनं चिमटा काढला, मी बघितला.

अंगठा सुजलाय. डॉक्टर विचारत होता, कशानं? मी म्हटलं, मासे पकडते. त्यानं लिहून घेतलं.

मला तुझी फार आठवण येते रे. बाकी सगळं मी इकडचं तिकडचं लिहिते, हवापाणी, नागिसा, म्हातारा. लिहायचं होतं ते एवढंच. आंघोळीचं पाणी अजून मी दोघांपुरतं तापवते. संध्याकाळी चढावर सायकलची घंटी वाजली की उठते. तू सायकलवर येणार नाहीस, तीस वर्षांचा घोडा झालायस, हे कळतं, तरी उठते.

सतरा नोव्हेंबरला बाबांचं तिसरं वर्षश्राद्ध आहे. मठातल्या गुरुजींना सांगितलंय. मंडळी फार नाहीत, आत्या येईल, तोमोएवरचे दोघे म्हातारे येतील. तू यायलाच हवं असं काही नाही. रजा मिळत नसेल. भाडंही फार असतं. मी नुसतं कळवतेय.

आई


३ नोव्हेंबर
मोजी

शिन्पेइ,

हे पत्र जलद टपालानं टाकतेय. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर नागिसाला फोन कर, नंबर खाली दिलाय.

आज तुझी खोली उघडी दिसली. दारावरची पाटी गेली होती. मी नागिसालाही बोलावलं नाही, तशीच आत शिरले.

आधी वाटलं मी चुकीच्या खोलीत आले. नाव तोमोए, तोच लाल पट्ट्याचा, पण नावापुढे सोप्या पद्धतीची खूण. तुझ्या नावापुढे! आणि माझ्यापुढे जुन्या पद्धतीची. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अरे, तू सोपी घेतलीस? तू?

म्हणजे खणात टाकली नाहीस पत्रं. वाचलीस. आणि मी उंबरा चढून तुझ्याकडे येत होते, तेव्हा तू उंबरा उतरून माझ्याकडे येऊन बसलास. गाढवा, निदान एक ओळ तरी कळवायचीस, माझा अंगठा वाचला असता.

लढत सुरू व्हायच्या आधी मी वाकले. एकदाच. आता शिकलेय.

तूही वाकलास.

मग तू काय खेळलास रे ते! आयुष्यभर दांडी फिरवलेला माणूस, एक बटण दाबायला त्याला जमेना. सवयीनं दांडी फिरवायचास आणि तुझा पैलवान येड्यासारखा उड्या मारायचा. मी इथे एकटी मोठमोठ्यानं हसत होते, वरून नागिसानं जमिनीवर दोनदा पाय आपटले. पण तू मला ढकलत ढकलत कडेला नेलंस, आणि त्या गोंधळात माझी बाजू बदलली. मी उजवीकडे गेले. झालं, संपलं म्हटलं. मी दांडी इकडेतिकडे खेचतेय, जाळं काही पडत नाही.

तेव्हा तू मागे सरलास. मारलं नाहीस. उडी मारलीस, माझ्या डोक्यावरून पलीकडे गेलास आणि उजवीकडे जाऊन उभा राहिलास. डावी बाजू माझ्यासाठी मोकळी करून. आणि नुसता उभा राहिलास.

मला समोरचं दिसेना. पण पाठ होती ना. खाली, तिरकं, पुढे.

जाळं पडलं. तुला अडवता आलं असतं, एवढं आता मला कळतं. तू अडवलं नाहीस.

तू पडलास आणि मी हात दांडीवरून उचलून मांडीवर ठेवले, चुकूनसुद्धा वाकायला नको म्हणून. आणि पडद्याखाली अक्षरं आली.

"आई, सतराला किती वाजता?"

ह्या मेल्या दांडीनं अक्षरं कशी लिहायची ते मला कुणी शिकवलंच नाही. मी एकेक अक्षर शोधत होते, "सा" सापडलं, पुढचं सापडेना, बटण चुकलं, आणि मीच तुझ्या खोलीतून बाहेर पडले. परत येईपर्यंत दार बंद. तुला वाटलं असेल आईनं उत्तर न देताच दार लावलं. नाही रे बाळा. आईला लिहिता येत नव्हतं एवढंच. म्हणून हे पत्र.

साडेदहाला. मठात, मागच्या दारानं ये, पुढे पायऱ्या दुरुस्त करतायत. काळा कोट नसेल तर बाबांचा आहे, उन्हात टाकून ठेवते. चपलांपाशी बसायचं नाही, पुढे माझ्या शेजारी बसायचं. जेवल्याशिवाय जायचं नाही. रात्री टीव्ही लावू. बाबांची पेटी तू घे, मी नागिसाची आणते. रंग तुला आवडणार नाही, त्यांनाही आवडला नव्हता.

मी उजवीकडे बसेन. डावी बाजू तुझी.

आई